परदेशातील सोयी, तिथले मतदान आणि आपली नगरपालिका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत खान्देशात आता असे गाव विरळा, की जिथल्या दोन-चार घरांतील मुले परदेशी नोकरीला नाहीत. त्यांच्याकडे महिना-दोन महिने राहून आलेले आई-वडील परतल्यावर तिकडच्या गोष्टी सांगतात आणि त्या ऐकायला आम्हा सर्वांना आवडतात. रस्ते किती स्वच्छ, नळाचे पाणी कसे थेट पिता येते, बस कशी ठरल्या मिनिटाला येते, हे सारे सांगून झाले की शेवटी बहुतेकांचे एका वाक्यावर एकमत होते : तिकडचे लोकच शिस्तीचे, आपल्या लोकांना कितीही सोयी द्या, ते तसेच राहणार. आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरातही या आशयाची पत्रे अधूनमधून वाचायला मिळतात. हे मत मांडणाऱ्यांच्या मनात गावाबद्दल तळमळ असते, याविषयी मला शंका नाही. परंतु ते मत खरे नाही, आणि तेच रूढ होत गेले तर आपण आपल्या हक्काच्या गोष्टी मागणेच सोडून देऊ, असे मला वाटते. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

मी जळगाव जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या गावात राहतो. नोकरीची सगळी वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकविण्यात गेली. मुलगी नेदरलँड्समध्ये आणि मुलगा जपानमध्ये असल्याने निवृत्तीनंतर दोन्हीकडे राहण्याचा योग आला. भाच्यामुळे दुबई पाहिली आणि मुक्तिनाथाच्या यात्रेच्या निमित्ताने नेपाळ. विषय शिकविण्याच्या सवयीने मी सगळीकडे तीच चौकशी करीत राहिलो : ही गोष्ट इथे कोण ठरवतो, तिचा पैसा कुठून येतो आणि ती बिघडली तर जाब कोणाला विचारायचा.

मुलगी डेल्फ्ट या गावी राहते. १५ मार्च २०२३ रोजी तिथे मतदान होते आणि मी तिच्यासोबत मतदान केंद्रावर गेलो होतो. त्या दिवशी दोन निवडणुका एकत्र होत्या, एक प्रांतिक सभेची आणि दुसरी पाणी मंडळाची. शेजाऱ्यांच्या घरी टपालाने माणशी दोन मतदानपत्रे आली होती. मुलीला एकच आले, कारण तिचा पासपोर्ट भारतीय आहे. प्रांतिक सभेच्या मतदानासाठी तिथले नागरिकत्व लागते, पाणी मंडळासाठी मात्र कायदेशीर रहिवास पुरतो. मतपत्रिका वर्तमानपत्राच्या उलगडलेल्या पानाएवढी होती. कक्षातल्या अरुंद फळीवर ती पसरली की दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होती. मतदान यंत्र तिथे नाही. दोऱ्याने बांधलेल्या तांबड्या पेन्सिलीने पसंतीच्या उमेदवाराच्या नावासमोरचे वर्तुळ रंगवायचे आणि कागदाची घडी घालून तो पेटीत टाकायचा. रांगेत दुकानदार होते, विद्यार्थी होते, काठी टेकत आलेल्या आजीबाई होत्या, आणि कालव्यातल्या पाण्याची पातळी किती ठेवावी याविषयी मत द्यायला आपण आलो आहोत, यात त्यांतल्या कोणालाच काही विशेष वाटत नव्हते.

नेदरलँड्सचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. आपल्या भागातले बांध सांभाळणे, कालव्यांची पातळी राखणे आणि सांडपाणी शुद्ध करणे ही कामे तिथे या निवडून आलेल्या पाणी मंडळांकडे आहेत. डेल्फ्टच्या परिसराचे मंडळ तेराव्या शतकातले. त्याची स्थापना १२८९ची मानतात. गावातल्या जुन्या कालव्याच्या काठी त्याची दगडी इमारत अजून उभी आहे आणि तिच्या दर्शनी भिंतीवर रंगीत मानचिन्हे कोरलेली आहेत. १९५३ साली ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री समुद्राने बांध फोडले आणि त्या देशात १,८३६ माणसे दगावली. तेव्हा अडीच हजारांच्या आसपास लहान-लहान मंडळे होती. पुढे ती एकमेकांत मिळवत आज २१ उरली आहेत. मंडळे मोठी झाली, तरी त्यांची निवडणूक आणि त्यांचा स्वतंत्र कर या दोन गोष्टींना कोणी हात लावला नाही. मुलीने मला त्या कराचे बिल दाखवले. नगरपालिकेचा कर वेगळा आणि पाणी मंडळाचा वेगळा. सांडपाण्याची आकारणी घरात एकटा माणूस राहत असेल तर एका एककाची, एकाहून अधिक राहत असतील तर तीन एककांची, असा साधा हिशेब त्यावर मांडलेला होता. ज्या मंडळाला आपण हा पैसा देतो, त्याच मंडळाचे सदस्य आपण चार वर्षांनी बदलू शकतो, हे शाळेतल्या मुलालाही सांगता येईल इतके तिथे सरळ आहे.

त्या १५ मार्चला आमच्या गावच्या नगरपरिषदेत लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य नव्हता. मुदत संपून वर्ष उलटले होते आणि कारभार प्रशासकाकडे होता. त्याकडे पुढे येतो.

तिथले सारे सुरळीत आहे असे मात्र कोणी समजू नये. त्या दिवसांत गावाबाहेर पडले की शेतघरांवर राष्ट्रध्वज उलटे टांगलेले दिसत. नायट्रोजनचे प्रमाण घटविण्यासाठी गोठ्यांची संख्या कमी करण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी तो निषेध मांडला होता. २०१९ मध्ये स्थापन झालेला शेतकऱ्यांचा एक पक्ष त्या निवडणुकीत बाराही प्रांतांत पहिल्या क्रमांकावर आला. त्या शेतकऱ्यांचे सगळेच म्हणणे मला पटले नाही. पण कापसाचा आणि केळीचा भाव दुसरीकडे कुठेतरी ठरताना हताशपणे पाहणाऱ्या आमच्या भागातल्या माणसाला, शेतकऱ्यांचा राग ट्रॅक्टरवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून मतपेटीत इतक्या लवकर उतरलेला पाहून विचार करावासा वाटतो.

सायकलींचे तर आपल्याकडे सर्वांना कौतुक. मुलगी नातवाला सायकलवर पुढे बसवून पाळणाघरात सोडते तेव्हा तिच्यासाठी वेगळा, लालसर रंगाचा रस्ता असतो आणि मोटारवाला थांबून तिला वाट देतो. मात्र हा डच स्वभाव नव्हे. १९७१ साली त्या देशात रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाने पालकांनी आंदोलन उभे केले, रस्ते अडवले, नगरपालिकांच्या सभांत जाऊन जाब विचारला. १९७३च्या तेलटंचाईत सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या, तेव्हा मोकळा रस्ता कसा असतो हे लोकांनी पाहिले. नगरपालिकांच्या हाती रस्त्यांची रुंदी आणि रचना बदलण्याचा अधिकार होता, म्हणून आंदोलनाची मागणी प्रत्यक्षात उतरली. जळगाव शहरातून जाणाऱ्या महामार्गाला समांतर रस्ते व्हावेत म्हणून तिथल्या नागरिकांनीही आंदोलने केली आहेत. म्हणजे मुलांच्या जिवाची काळजी आपल्याला कमी आहे, असे कोणी म्हणू शकत नाही. फरक हा की महामार्ग एका यंत्रणेकडे, त्याच्या कडेची गटार दुसरीकडे, अतिक्रमण तिसरीकडे, आणि आंदोलन करणाऱ्याने निवेदन कोणत्या कार्यालयात द्यायचे, इथूनच त्याची दमछाक सुरू होते.

पाण्याच्या सामायिक कारभाराचे धडे घ्यायला खान्देशी माणसाने युरोपात जाण्याची गरजही नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी, साक्री तालुक्यात फडपद्धती काही शतके चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, त्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, आणि एका फडात त्या हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असा दंडक. कोणत्या फडाला ऊस, कोणत्या फडाला भुसार आणि कोणता फड पडीक ठेवायचा, हे पंच ठरवीत. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांची मजुरी शेतकऱ्यांनी धान्याच्या रूपाने द्यायची. पाणी कमी पडले तर सर्वांना सारखे कमी पडे. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या, ज्याचे त्याला पाणी मिळू लागले आणि बहुतेक ठिकाणी फड मोडले. ते मोडण्यापूर्वी मात्र ‘आपल्या लोकांना’ कोणी बाहेरून येऊन शिस्त शिकवलेली नव्हती. पाण्याचा निर्णय गावाच्या हाती होता, म्हणून तो पाळला जात होता. महाराष्ट्राने २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला, पाणीवापर संस्था काढल्या. त्यांतल्या ज्यांना वेळेवर आणि मोजून पाणी मिळाले त्या चालल्या, बाकीच्या कागदावर राहिल्या.

आता जपानविषयी. कारण शिस्तीचा विषय निघाला की पहिले नाव त्याच देशाचे घेतले जाते.

मुलगा टोकियोच्या एदोगावा प्रभागात, निशी-कासाई भागात राहतो. तिथे भारतीय बरेच आहेत. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले, ही वार्ता आपल्याकडेही गाजली होती. मुलाच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर प्रभाग कार्यालयाने दिलेले कचऱ्याचे वेळापत्रक लावलेले आहे : जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या व डबे कोणत्या वारी, वर्तमानपत्रांचे गठ्ठे कोणत्या वारी. सकाळी ठरलेल्या वेळेच्या आत पिशवी कोपऱ्यावर नेऊन ठेवायची आणि कावळ्यांनी ती फाडू नये म्हणून तिच्यावर जाळे ओढायचे. चुकीच्या दिवशी ठेवलेली किंवा नीट न निवडलेली पिशवी गाडीवाले उचलत नाहीत. तिच्यावर कारण छापलेली चिठ्ठी चिकटवून ती तिथेच सोडून जातात. मग शेजारपाजारच्या सर्वांदेखत ज्याने ठेवली त्याला ती परत न्यावी लागते. मी हे प्रत्यक्ष पाहिले. पण याहून अधिक शिकण्यासारखे मला शेजारच्या कोतो प्रभागात आढळले, आणि ते आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

टोकियोचा कचरा अनेक वर्षे कोतोच्या किनाऱ्यावर समुद्रात भराव घालून टाकला जात होता. १९६५च्या उन्हाळ्यात तिथल्या युमेनोशिमा या भरावावर माश्यांचे इतके थवे झाले, की आसपासच्या शाळांत आणि घरांत जेवणे कठीण झाले आणि अखेर आग लावून त्या मारण्याची वेळ आली. साऱ्या शहराचा कचरा घेऊन गाड्या कोतोच्या रस्त्यांवरून जात, त्यांतून घाण पाणी सांडत जाई. सुगिनामी या प्रभागाने मात्र आपल्या हद्दीत कचरा जाळण्याचा प्रकल्प होऊ देण्यास विरोध चालवला होता. १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर मिनोबे यांनी ‘कचऱ्याविरुद्ध युद्ध’ जाहीर केले. कोतोचे रहिवासी आणि त्यांच्या प्रभागसभेचे सदस्य रस्त्यावर उतरले आणि सुगिनामीहून येणाऱ्या कचरागाड्या त्यांनी अडवल्या. तुमचा कचरा तुमच्या हद्दीत मार्गी लावा, एवढीच त्यांची मागणी होती. बरीच वर्षे वाटाघाटी आणि न्यायालयीन भांडण होऊन सुगिनामीत प्रकल्प उभा राहिला. १९७५ पासून टोकियोच्या २३ प्रभागांचे प्रमुख पुन्हा थेट लोकांमधून निवडले जाऊ लागले आणि २००० साली कचरा उचलण्याचे काम महानगर सरकारकडून या प्रभागांच्या हाती आले. युमेनोशिमावर आज उद्यान आहे. तिथे उष्ण कटिबंधातल्या झाडांचे काचघर आहे आणि शेजारच्या कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाच्या उष्णतेवर ते हिवाळ्यात उबदार ठेवतात. मुलाने मला तिथे नेले होते. बाहेर बोचरी थंडी आणि आत आमच्या सावदा-फैजपूरच्या पावसाळ्यासारखी दमट हवा.

ज्या देशाच्या रक्तात शिस्त आहे असे आपण म्हणतो, त्या देशाच्या राजधानीत पन्नास वर्षांपूर्वी कचऱ्यावरून अशी भांडणे झाली. आधी लोक लढले, मग अधिकार प्रभागाकडे आले, मग वेळापत्रक आले, आणि वेळापत्रक न चुकता पाळले जाऊ लागल्यावर पिशवी वेळेवर ठेवण्याची सवय लागली. आमच्याकडे घंटागाडी सोमवारी येते, मग गुरुवारी येते, कधी आठवडाभर येत नाही. अशा गावातल्या बाईने ओला आणि सुका कचरा वेगळा करून तो किती दिवस घरात ठेवावा, याचे उत्तर तिला शिस्तीचा उपदेश करणाऱ्यांनी द्यावे.

कोणी म्हणेल, दुबईत मतदान कुठे आहे? तरी दुबई चकचकीत आहेच. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. भाचा तिथे वाहतूक कंपनीत कामाला आहे. त्याच्यासोबत मी अल अवीरच्या घाऊक फळबाजारात गेलो. फिलिपाइन्स आणि इक्वेडोरच्या खोक्यांशेजारी भारतीय केळीची खोकी रचलेली पाहिली आणि ऊर भरून आला. आखातात जाणाऱ्या भारतीय केळीत रावेर-यावलच्या मालाचा वाटा मोठा आहे. रस्ते खरोखर निर्मळ आहेत, मेट्रो वेळेवर आहे, सरकारी काम अर्ध्या तासात होते. तिथे नगरपालिकेची निवडणूक होत नाही आणि तिथल्या लोकवस्तीत सुमारे दहातले नऊ लोक परदेशी आहेत. भाच्याने मला मजुरांच्या वस्तीतही नेले. तिला तिथले सगळे मजूर सोनापूर म्हणतात. एका खोलीत दुमजली खाटांवर किती जण झोपत होते हे पाहून मी बाहेर आलो. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास तिथे बंदी आहे आणि ती चांगली गोष्ट आहे. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात डांबर टाकणाऱ्यांना असे संरक्षण असावे, असे मला मनापासून वाटते. परंतु त्या मजुराच्या हाती अर्ज-तक्रारीखेरीज काही नाही. ज्या गावात तो वीस वर्षे राबतो, त्या गावाच्या कारभारात त्याला मत नाही आणि नोकरी गेली की मुक्कामही संपतो. १६ एप्रिल २०२४ रोजी तिथे पाऊणशे वर्षांत झाला नव्हता एवढा पाऊस झाला, विमानतळावर पाणी भरले, काही वसाहतींत ते अनेक दिवस साचून राहिले. भाचा सांगत होता की लोक फोनवर सूचनेची वाट पाहत बसले होते. तिथला राज्यकर्ता स्वच्छतेला महत्त्व देतो म्हणून शहर स्वच्छ आहे, हे मला मान्य आहे. पण आपल्याला असा राज्यकर्ता मिळेल या आशेवर बसायचे, की आपल्या हातातले मत वापरायचे, याचे उत्तर आपण १९५० मध्येच देऊन टाकले आहे.

नेपाळचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटले, कारण तो देश आपल्याहून श्रीमंत नाही. मुक्तिनाथहून परत येताना दरड कोसळल्यामुळे आमची गाडी एका लहान गावात अडकली. समोरच वडा कार्यालय होते, म्हणजे त्यांचे प्रभाग कार्यालय. भिंतीवर मोठा फलक होता आणि लिपी देवनागरी असल्याने तो मला वाचता आला. जन्मनोंद, विवाहनोंद, नागरिकत्वाची शिफारस, वीज-पाण्याच्या जोडणीची शिफारस, अशी कामांची यादी एका बाजूला. त्यापुढे लागणारी कागदपत्रे, शुल्क, लागणारा वेळ, जबाबदार कर्मचारी आणि तक्रार ऐकणारा अधिकारी असे रकाने. दरड हटेपर्यंत बऱ्याच माणसांना मी त्या कार्यालयात जाता-येताना पाहिले. एका म्हाताऱ्या गृहस्थांना हवा असलेला कागद वडाध्यक्षाच्या सहीने तिथल्या तिथे मिळाला. ते वडाध्यक्ष बाहेर ओसरीवर बसून लोकांशी बोलत होते.

नेपाळने हे सहज मिळवले नाही. १९९७ मध्ये निवडून आलेल्या स्थानिक संस्थांची मुदत २००२ मध्ये संपली आणि त्यानंतर पंधरा वर्षे तिथे स्थानिक निवडणूकच झाली नाही. सरकारी नोकर कारभार पाहत होते. २०१५ मध्ये नवे संविधान आले, ७५३ स्थानिक पालिका आणि ६,७४३ वडे झाले आणि २०१७ मध्ये निवडणुका झाल्या. प्रत्येक वड्यात अध्यक्ष आणि चार सदस्य. त्या चारांत दोन स्त्रिया आणि त्यांतली एक दलित स्त्री असलीच पाहिजे, असा नियम आहे. संविधानाच्या आठव्या परिशिष्टात स्थानिक पालिकांचे २२ अधिकार थेट लिहून दिलेले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांच्या आंदोलनानंतर सरकार पडले, सरकारचे मुख्यालय असलेल्या सिंहदरबारासह अनेक इमारती जळाल्या, संसदेचे कनिष्ठ सभागृह विसर्जित झाले. भ्रष्टाचाराविरुद्धचा तो संताप काय थराला गेला, हे आपण पाहिले. तरीही देशात ते सभागृह नसताना निवडून आलेल्या स्थानिक पालिका आपल्या जागी कायम होत्या.

आपल्या संविधानाची ७४वी दुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय दिले आहेत, पण ते विषय द्यायचे की नाही आणि किती द्यायचे, हे राज्याच्या कायदेमंडळावर सोपवलेले आहे. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे असे अनुच्छेद २४३-यू सांगतो आणि २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावून सांगितले. असे असूनही इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात राहिल्यामुळे महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपरिषदांत आणि महापालिकांत काही वर्षे प्रशासक बसले. आरक्षणाचा प्रश्न महत्त्वाचाच होता. त्याची वैज्ञानिक आकडेवारी वेळेत तयार करणे हे सरकारांचे काम होते आणि ते झाले नाही, याची किंमत गावांनी मोजली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांसाठी आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांसाठी मतदान झाले.

प्रशासकाच्या काळात आमच्या गल्लीतल्या जलवाहिनीला गळती लागली होती. पाणी आठवड्याने येते. ते आले की निम्मे रस्त्यावर वाहून जाई आणि शेवटच्या घरांपर्यंत टिल्लू पंप लावूनही पोहोचत नसे. अर्ज दिला, पोच घेतली, अभियंत्यांना भेटलो, त्यांनी निविदेचे कारण सांगितले. प्रशासकांकडे मूळ पद वेगळे आणि हा कार्यभार अतिरिक्त, त्यामुळे त्यांची भेट मिळणे अवघड. पूर्वी निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन चार शब्द सुनावता येत होते. आता तेही दार उरले नव्हते. पाणी कधी येणार हे नेमके सांगू शकणारा एकच माणूस गावात होता, तो म्हणजे वॉल्व्हमन, आणि त्याचा मोबाइल क्रमांक घरोघरी भिंतीवर लिहिलेला असे. त्या गरीब माणसाला पहाटे पाचपासून फोन येत. पाणीपट्टी मात्र वर्षाला जेवढी ठरली आहे तेवढी, नळ किती दिवस आला याच्याशी तिचा काही संबंध नाही. अशा स्थितीत घरपट्टी-पाणीपट्टी थकवणाऱ्यांना दोष देण्यापूर्वी, डेल्फ्टच्या बिलावर जसा हिशेब लिहिलेला होता तसा हिशेब आपण त्यांना कधी दाखवला का, हे पाहिले पाहिजे. माझ्या अनुभवात लोक पैसे द्यायला कुरकुरत नाहीत, ते कशाचे पैसे हे कळले नाही म्हणजे कुरकुरतात.

इथे एका उणिवेकडे आपले आणि लोकप्रतिनिधींचे लक्ष वेधायचे आहे. महाराष्ट्रात हजार-दोन हजार वस्तीच्या खेड्यातही वर्षाला चार ग्रामसभा घेण्याचा दंडक आहे. तिथे कोणीही मतदार उभा राहून सरपंचाला विचारू शकतो. नंदुरबारच्या आदिवासी भागात तर पेसा कायद्याने ग्रामसभेला आणखी मोठे अधिकार दिले आहेत. त्या ग्रामसभा सगळीकडे नीट होतात असे नव्हे, पण विचारण्याची जागा कायद्याने ठरलेली आहे. तेच गाव वाढून नगरपंचायत किंवा नगरपरिषद झाले की ग्रामसभा संपते. संविधानाने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या आहेत त्या फक्त तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी. म्हणजे खान्देशातल्या तालुक्याच्या जवळजवळ सगळ्या गावांत, पन्नास हजार किंवा लाख लोकवस्ती असूनही, सामान्य नागरिकाला वर्षातून एकदा तरी आपल्या प्रतिनिधीसमोर उभे राहून विचारण्याची हक्काची जागा नाही. शेजारच्या खेड्यात राहणाऱ्या त्याच्या चुलतभावाला ती आहे.

ही उणीव १९६५च्या नगरपरिषद अधिनियमात दुरुस्ती करून राज्य सरकारला भरून काढता येईल आणि ती मागणी आपल्या भागातल्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून करावी. पण तोवर थांबण्याचेही कारण नाही. नुकत्याच निवडून आलेल्या नगरसेवकांनी आणि थेट जनतेतून आलेल्या नगराध्यक्षांनी आपण होऊन तीन-चार महिन्यांतून एकदा प्रभागात सभा बोलावली, तर त्यांना कोणताही कायदा अडवत नाही. शाळेचे पटांगण आहे, मंदिराचा किंवा मशिदीचा ओटा आहे, मंगल कार्यालये आहेत. सभेत प्रभागाच्या वाट्याला किती पैसा आला, तो कोणत्या कामावर गेला, पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, एवढे सांगितले तरी पुरे. ती माहिती प्रभागातल्या चौकात फलकावर लिहावी आणि बदलली की पुसून नवी लिहावी. नेपाळच्या त्या लहानशा गावाने एवढे केले आहे आणि त्याला फार पैसा लागलेला नाही. महिलांसाठी निम्म्या जागा आपण २०११ मध्येच राखून ठेवल्या. त्या जागांवर निवडून आलेल्या भगिनींनी या सभा स्वतः चालवाव्यात, त्यांच्या यजमानांनी नव्हे, अशीही माझी विनंती आहे.

परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांनाही एक सांगावेसे वाटते. सुट्टीवर आलात की तिकडच्या रस्त्यांचे फोटो अवश्य दाखवा. सोबत तिथल्या प्रभाग कार्यालयाचे वेळापत्रक, कराचे बिल, सभेचे इतिवृत्त हेही घेऊन या आणि आपल्या नगरसेवकाला नेऊन दाखवा. आमच्या मुलाने एदोगावाचे कचऱ्याचे वेळापत्रक आम्हाला मराठीत लिहून दिले आहे. ते मी आमच्या प्रभागाच्या नव्या सदस्यांकडे दिले आणि त्यांनी ते लक्षपूर्वक वाचले.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. खान्देशातल्या प्रत्येक नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा होऊन गेल्यावर तिथल्या गदारोळाची बातमी येते. त्याऐवजी सभेच्या तीन-चार दिवस आधी तिची विषयपत्रिका तालुक्याच्या पानावर छापावी. कोणत्या रस्त्याला किती रुपये मागितले आहेत, कोणत्या प्रभागाची जलवाहिनी यादीत आहे आणि कोणत्या प्रभागाची नाही, हे वाचकाला आधी कळले तर तो आपल्या सदस्याला सभेपूर्वी भेटू शकेल. पहिली विषयपत्रिका मिळवून देण्याचे काम, आमच्या गावापुरते, मी आनंदाने करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक
जिल्हा जळगाव